देवराई, सडा, तळं यांच्यासाठी फाउंडेशनचा निधी: अर्ज कसा, हिशेब कसा, अडतं कुठं? (खानापूर, बेळगाव, चिकोडी)

मलप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावची तीन एकरांची देवराई आहे. आत जुने हिरडे, जांभळी, किंदळ, एक मोठा सुरंगीचा घोळका आणि बारमाही झरा. कडेनं रानमोडी (परदेशी तण) घुसलीय, गुरं शिरतात, फाल्गुनात वणवा येतो. बेळगावातल्या एका उद्योजक घराण्याचं धर्मादाय फाउंडेशन तीन वर्षांत मिळून सहा लाखांपर्यंत द्यायला तयार आहे. त्यांच्या फॉर्ममध्ये पहिलाच रकाना आहे: "किती झाडे लावणार?" गावात नोंदणीकृत संस्था नाही, देवस्थानचे पंच आहेत. अर्ज कुणाच्या नावानं करायचा, अंदाजपत्रक कसं मांडायचं आणि त्या पहिल्या रकान्यात काय लिहायचं, जाणकारांनी सांगावं.

हिशेबनीस
आधी पैसा कुठल्या खिशातून येतोय ते विचारा, कारण नियम त्यावर ठरतात.

घराण्याच्या ट्रस्टचा स्वतःचा पैसा असेल तर बरीच मोकळीक असते. कंपनीचा सीएसआर (कंपन्यांनी नफ्यातून समाजकामासाठी द्यायचा पैसा) त्या फाउंडेशनमार्फत येत असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ लागू होतं. नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी भरलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्चावे लागतात. उद्यमबागेतली (बेळगावची औद्योगिक वसाहत) मध्यम फाउंड्रीसुद्धा ५ कोटींच्या नफ्यावर यात येते, म्हणजे वर्षाला साधारण १० लाख. खर्चायची ही रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. अशा ठिकाणी जाडजूड प्रस्तावापेक्षा दोन पानी पत्र आणि एक नकाशा जास्त चालतो. शिवाय कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायद्यातच आहे, ते पत्रात लिहा. कायद्याच्या अनुसूची ७ मध्ये (सीएसआरला चालणाऱ्या कामांची यादी) पर्यावरण समतोल, वनस्पती आणि प्राणी संरक्षण येतं, त्यामुळे देवराई बसते. देवळाचा जीर्णोद्धार बसत नाही. दोन्ही एकाच अर्जात घालू नका.

आता अर्ज कुणाच्या नावानं. सीएसआरचा पैसा बाहेरच्या संस्थेला द्यायचा तर ती नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ ची कंपनी हवी, आयकराची १२ एबी (संस्थेला करमाफी) आणि ८० जी (देणगीदाराला सूट) नोंदणी हवी, सीएसआर-१ नंबर (सीएसआरची कामं घ्यायची सरकारी नोंदणी) हवा आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. देवस्थानच्या पंचांनी आज सोसायटी काढली तरी तो अनुभव कुठून आणणार? तेव्हा रस्ते दोन. एक, जुन्या नोंदणीकृत संस्थेला अंमलबजावणी करायला घ्यायचं आणि गावच्या समितीशी तिचा लेखी करार करायचा. दुसरा, कंपनीनं काम स्वतः करायचं, म्हणजे कुंपणाचं, रोपांचं, मजुरीचं बिल थेट कंपनीच्या नावानं. दुसऱ्यात गावाच्या हातात रोख येत नाही म्हणून पंच नाराज होतात, पण भांडणं कमी होतात.

आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे, कलमांचे आणि फॉर्मांचे आकडे बदललेत. मी वर जुने आकडे वापरलेत कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहेत. अर्जावर टाकायचा आकडा सीएकडूनच घ्या.

रानवाट
हिशेबनीस साहेबांनी खिसा सांगितला, मी जमीन सांगतो. निम्मे प्रस्ताव इथंच मरतात.

आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) काढा. ९ नंबरच्या रकान्यात मालक कोण ते बघा आणि ११ नंबरमध्ये इतर हक्क, बोजा काय चढलाय ते बघा. देवराई चार प्रकारे निघू शकते. वनखात्याची, सरकारी किंवा गायरान, देवाच्या नावानं, किंवा चक्क कुणाच्या तरी मालकीची. वनखात्याची असेल तर रेंज ऑफिसच्या लेखी परवानगीशिवाय कुदळ लावू नका. काम ग्राम अरण्य समितीमार्फत बसवा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर मामला आणखी वरचा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालचा. देवाच्या नावानं असेल आणि देवळाचा कारभार मुजराई खात्याकडं (सरकारचं देवस्थान खातं) असेल तर त्यांचं पत्र. गायरान असेल तर तहसीलदार आणि ग्रामपंचायत. मालकीची असेल तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या, त्यात पुण्या-मुंबईला आणि गोव्यात असलेलेसुद्धा. एक सही राहिली की तिसऱ्या वर्षी तोच माणूस काजू लावायला येतो.

उताऱ्यावरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र सहसा जुळत नाही. "तीन एकर" म्हणजे उताऱ्यावर दोन एकर दहा गुंठे असू शकतं, उरलेलं वनखात्याच्या हद्दीत. मोजणी करून घ्या आणि हद्दीचे दगड रोवा. हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत हवा.

पंचायतीचा ठराव घेताना पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) इतिवृत्ताची शिक्क्याची नक्कल घ्या. ठराव कन्नडमध्ये असणार, फाउंडेशनला इंग्रजी लागणार, गावाला मराठीत समजणार. तिन्ही प्रतींत सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि मुदत एकच आहे ना, हे ओळीवर बोट ठेवून ताडून बघा. भाषांतरात "संवर्धन" चं "विकास" होतं, आणि विकास म्हटलं की कुणीतरी पेव्हर ब्लॉक घेऊन येतं.

पानगळ
आता झाडांच्या रकान्याबद्दल. मलप्रभाकाठ दादा, तिथं "२२०" लिहा आणि खाली कारण जोडा. कसं ते सांगते.

देवराईत आधीच झाडं आहेत. रोपं फक्त मोकळ्या जागी लागतात. तीन एकरांत अशा जागा धरा २० गुंठे. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. तीन-तीन मीटरवर रोप लावलं तर गुंठ्याला ११ बसतात, म्हणजे २२०. दुसऱ्या पावसाळ्यात नांग्या भरायला (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावायला) २० टक्के, म्हणजे ४४. रोपवाटिकेत मर धरून ३०० रोपं तयार करायची. याहून मोठा आकडा लिहिला तर तो पुरा करायला तुम्ही सावलीत, मुळांवर, झऱ्याच्या तोंडाशी खड्डे काढणार.

फाउंडेशनवाल्यांना मोठे आकडे आवडतात हे खरं. त्यांना दुसरे आकडे द्या की: किती मीटर जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेला पट्टा), किती गुंठ्यांतली रानमोडी तीन वर्षं सलग काढली, झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहिला, दुसरा उन्हाळा ओलांडून किती रोपं जगली. पहिल्या वर्षीच्या जगण्याच्या टक्केवारीला काही अर्थ नसतो. पाऊस पाजतो तोवर सगळंच जगतं.

सहा लाखांची माझी वाटणी अशी असती. शंभर रुपयांतले ३५ राखणीला, २५ रानमोडी आणि घाणेरी काढायला, १५ गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) आणि कुंपणाला, १० रोपं, लागवड आणि नांग्यांना, ८ जाळरेषेला, ७ नोंदी, फोटो आणि ऑडिटला. वर्षवार पाहिलं तर पहिल्या वर्षी २ लाख ६० हजार, दुसऱ्या वर्षी १ लाख ९०, तिसऱ्या वर्षी १ लाख ५०. बहुतेक अर्जांत पहिल्या वर्षी ८० टक्के पैसा संपतो आणि दुसऱ्या वर्षी राखणदाराला द्यायला काही उरत नाही. लागवड मरते ती तिथं.

मलप्रभाकाठ
पानगळताई, ३५ टक्के राखणीला म्हटलं तर फाउंडेशन म्हणेल हा तर पगार झाला. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही म्हणे?

हिशेबनीस
हा गोंधळ सगळीकडं आहे. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर खात्याच्या कारभाराला आहे, तिच्या एकूण सीएसआर खर्चाच्या प्रमाणात. देवराईत उभा राहणारा राखणदार हा प्रकल्पाचा खर्च. अंदाजपत्रकात "पगार" लिहू नका, "क्षेत्ररक्षण: ऑक्टोबर ते मे, ८ महिने, अर्धवेळ, १ व्यक्ती" असं लिहा. पैसे बँकेतून द्या, हजेरीपत्रक ठेवा. मजुरीचा दर मनानं धरू नका, कर्नाटकच्या त्या वर्षीच्या किमान वेतनाच्या खाली गेलात तर ऑडिटला अडकाल.

हप्ते ४०:४०:२० मागा. शेवटच्या २० टक्क्यांचं काम आधी तुमच्या खिशातून होतं आणि नंतर पैसा येतो, हे गावाला आधी सांगा. दुसऱ्यापासून प्रत्येक हप्त्याआधी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचा पैसा ठरल्या कामावरच खर्चला याचा दाखला) लागतं. वेगळं बँक खातं नसेल तर ते बनवताना सीए हात टेकतो.

रानवाट
वेळापत्रकावर कुणी बोललं नाही अजून. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, निसर्गाचं वर्ष मृगापासून. फाउंडेशनची बैठक मे-जूनमध्ये, करार जुलैत, पहिला हप्ता ऑगस्टच्या शेवटी. तोवर कणकुंबी-जांबोटीकडं लागवडीचा हंगाम सरलेला असतो. मग पैसा ३१ मार्चच्या आत खर्चायचा म्हणून जानेवारीत खड्डे काढून रोपं लावलेली दिसतात.

म्हणून अर्ज आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात टाका आणि पहिला हप्ता फेब्रुवारीपर्यंत मागा. त्यातून मोजणी, जाळरेषा, बी गोळा करणं आणि पिशव्या भरणं. सीएसआरचा असेल तर "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर करायला सांगा. सुरू झालेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत तो चालवता येतो, आणि न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत कंपनी वेगळ्या खात्यात टाकते. ठरावात "चालू प्रकल्प" हे शब्द नसतील तर ही सोय मिळत नाही.

पानगळ
बियांबद्दल पटकन. जांभूळ आणि भिरंडाचं (कोकमाचं) बी साठवून ठेवता येत नाही, सुकलं की मेलं. फळ खाल्लं, बी धुतलं, आठवड्याच्या आत पिशवीत. हिरड्याचा गर काढून कठीण आठळी एक-दोन दिवस पाण्यात भिजवा, तरी उगवण रेंगाळते, काही बी पुढच्या हंगामात उगवतं, म्हणून पिशव्या फेकू नका. बी त्याच देवराईतलं किंवा शेजारच्या गावचं घ्या. बाजारातल्या रोपवाटिकेतून "देशी" म्हणून बऱ्याचदा गुलमोहर आणि अकेशिया गळ्यात मारतात. खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. जांभा दगड लागला तर फोडत बसू नका, हातभर सरका.

आता रानमोडी. कोयत्यानं छाटून काही होत नाही, पावसानंतर दुप्पट फुटते. ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन मऊ असताना खोडाशी धरून गड्ड्यासकट उपटायची. दुसरी फेरी नोव्हेंबरात, फुलायच्या आत. एकदा तुरे पिकून बी वाऱ्यावर गेलं की त्या वर्षीचा पैसा गेला. घाणेरीचं तंत्र वेगळं: जमिनीच्या खाली दोन-तीन इंचांवर, जिथं खोड आणि मुळं मिळतात तिथं कुदळीनं तोडायचं, झुडूप उचलून उलटं, मुळं वर करून ठेवायचं म्हणजे परत मातीला लागत नाही. उतारावर सगळी एकदम काढू नका. पट्ट्यापट्ट्यानं काढा, नाहीतर माती झऱ्यात येते आणि मोकळ्या उन्हात रानमोडीच परत येते.

गावकार
शहाण्यांनो, एक राहिलं. देवराईत हत्यार न्यायचं तर आधी गाऱ्हाणं घाला, कौल घ्या. फाउंडेशनच्या कागदात हे बसत नाही, पण ते न करता कामाला लावलेली माणसं पहिल्या तापाला काम सोडून जातात, आणि दोष देवाच्या कोपावर. मानकऱ्यांना बैठकीत बोलवा, कुठलं झाड देवाचं, कुठल्या जागी पाय ठेवायचा नाही, ते नकाशावर मांडून घ्या.

आणि झऱ्यावर सिमेंटची टाकी बांधायला कुणी पैसे देत असेल तर नाही म्हणा. झरा फटीतून येतो, फट बुजली की पाणी दुसरीकडं वाट काढतं. वरच्या अंगाला सुकी दगडी ताल, खाली गुरांसाठी लांबवर डोणी (पाणी प्यायचं दगडी कुंड), बस्स. कुंपणाचा चरही आत नको, मुळं तुटतात. जांभ्या दगडाचा गडगा घाला, नाहीतर निर्गुडी आणि शेराची दोन ओळींची जिवंत वई. साडेपाचशे मीटरच्या घेराला फुटाफुटावर एका ओळीत साधारण अठराशे काड्या, दोन ओळींना छत्तीसशे. काड्या गावातच मिळतात, फक्त मजुरी लागते. गुरांची जुनी वाट बंद करत असाल तर दुसरी वाट आधी काढून द्या. नाहीतर गडगा रात्रीत पडतो, आणि कुणी पाडला ते गावात सगळ्यांना माहीत असतं.

सड्यावरचा
धागा देवराईचा आहे, पण चोर्ल्याकडच्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या कातळपठारांवर) "दहा हजार झाडं लावू" म्हणून निधी घेऊन येणाऱ्यांसाठी इथंच लिहितो. नका लावू. जांभ्याच्या सड्यावर माती काही इंच. पावसाळ्यात तिथं पानगेंद, सीतेची आसवं आणि कितीतरी छोटी फुलं दोन-तीन महिने जगून घेतात, ती रिकामी जागा नव्हे. खड्ड्यासाठी ब्रेकर लावला की पाणी साठायची घडण मोडते. त्याच निधीत दुसरं बरंच होतं: चिऱ्याच्या खाणीची हद्द लेखी ठरवून घेणं, गाड्या वर चढतात त्या तोंडाला मोठे दगड, ऑगस्ट ते ऑक्टोबर शनिवार-रविवारी दोन माणसं, आणि एक-एक मीटरच्या चौकटी आखून दरवर्षी त्याच तारखेला त्यातल्या जातींची मोजणी. अथणी-रायबागकडच्या माळरानालाही हेच लागू.

भीमगडच्या बारापेडे गुहांचंही तसंच. तिथल्या राऊटनच्या वटवाघळाची पहिली नोंद १९१३ ची, आणि पुढं कित्येक दशकं जगाला ते तेवढ्याच ठिकाणी माहीत होतं. तिथं संवर्धन म्हणजे माणसं आत न जाणं. यासाठी अंदाजपत्रक मांडणं अवघड असतं, कारण खर्च दाखवण्यासारखं काही बांधायचंच नसतं.

चिकोडीकर
आमच्याकडं देवराया कमी, तळी जास्त. गाळ काढायला फाउंडेशन सहज पैसे देतं, कारण जेसीबीचा फोटो छान येतो. मोजमाप ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) करा: एक एकरावर एक फूट गाळ म्हणजे ४३,५६० घनफूट, साधारण ४३५ ब्रास. कंत्राटदार ट्रॉल्या मोजून बिल देतो, तुम्ही खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आधी आणि नंतर मोजा. गाळाखालची चिकण माती लागली की थांबा. ती खरवडली तर तळं गळायला लागतं आणि डिसेंबरातच कोरडं. आणि चारी बाजू उभ्या कापू नका, एक काठ उथळ उताराचा ठेवा, बगळे, टिटव्या आणि पाणलावे तिथंच चरतात. पैसा मशीनला, गाळ वाहायचा खर्च शेतकऱ्याचा, अशी वाटणी केली तर त्याच पैशात जास्त काम होतं.

मलप्रभाकाठ
खूप मिळालं. दोन शंका. गावचे बरेच जण गोव्यात आणि आखातात आहेत, त्यांनीही हातभार लावायचं म्हटलंय. ते पैसे घ्यावेत का? आणि दुसरं म्हणजे कोल्हापूरकडचं एक फाउंडेशनही इच्छुक आहे.

हिशेबनीस
आखातातल्या माणसाकडं भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्याच्या बचतीतून बँकेमार्फत येत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत घेऊन ठेवा. गोव्यातल्या ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलाय त्यांचा पैसा मात्र परदेशी, मग तो माणूस म्हापशात राहून देत असला तरी. एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नसेल तर एक रुपयाही घेऊ नका. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडून परदेशी पैसा तुमच्या संस्थेकडं वळवून घेणं हेही २०२० च्या दुरुस्तीपासून बंद आहे. रोख देणगी २,००० च्या वर असेल तर देणाऱ्याला ८० जी ची सूट मिळत नाही, आणि नव्या कररचनेत असलेल्याला ती तशीही मिळत नाही, तेव्हा "सूट मिळेल" असं सांगून पैसे मागू नका.

महाराष्ट्रातलं फाउंडेशन असेल तर त्यांच्या घटनेत कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते बघा. "महाराष्ट्र राज्य" एवढंच असेल तर इथला खर्च उद्देशाबाहेरचा ठरतो आणि आक्षेप येतो. "भारत" किंवा "कर्नाटकसह" हवं. मनापासून द्यायची इच्छा असलेले दाते या एका ओळीवर अडतात.

रानवाट
नोंदींचं सांगून टाकतो. सहा ठिकाणी दगड पुरा, त्यावर उभं राहून त्याच दिशेला, छातीच्या उंचीवरून, दर मे आणि ऑक्टोबरात फोटो. रोपांना नंबरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, तार सैल, नाहीतर खोडात रुतते. मेलेल्या रोपापुढं "मेलं" लिहा आणि कारण लिहा: गुरं, वणवा, वाळवी, पाणी साचलं. शंभर टक्के जगली असं दाखवणाऱ्या तक्त्यावर कुठलंही शहाणं फाउंडेशन विश्वास ठेवत नाही. पंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत देवराईची नोंद करून घ्या. कायदा २००२ चा आहे, समिती कागदावर तरी असतेच. निधी संपल्यावर हाच कागद कामाला येतो.

जाळरेषा घेराभोवती चार मीटर रुंद, पाला खरडून मातीपर्यंत. एकदा डिसेंबरअखेर, परत फेब्रुवारीअखेर, कारण मधल्या पानगळीनं ती पुन्हा भरते. बिलं एकदाचीच लावली असतील तर दुसरी फेरी झालीच नाही असं समजा.

मलप्रभाकाठ
शेवटचं. फाउंडेशनला फलक हवाय, सहा बाय चार फुटांचा, त्यांचं नाव मोठं. गावात मराठी हवं म्हणतात, पंचायत कन्नड म्हणते.

गावकार
कन्नड वर आणि मोठं, खाली मराठी, म्हणजे कुणी काळं फासायला येणार नाही. कन्नडला ६० टक्के जागा द्या. फाउंडेशनचं नाव एका ओळीत खाली. तीन बाय दोन फूट पुरे. आत लावू नका, वाटेच्या तोंडाला लावा. खांब दोन फूट जमिनीत, बुडाला दगड ठोकून. झाडाला खिळा मारू देऊ नका, फलक लावायला येणारा पोरगा हातोडी घेऊनच येतो, तेव्हा त्या दिवशी कुणीतरी तिथं उभं राहा.